हिरवळीचा कोलाहल

इ. स. १८५९ मध्ये इंग्लंडातील लीड्स या गिरण्यांच्या शहरी टॉमस ग्रीन नावाच्या कारखानदाराने हिरवळ कापण्याचे एक यंत्र विक्रीस आणले आणि त्याला लॅटिन भाषेतले नाव दिले : 'सिलेन्स मेसर', म्हणजे निःशब्दपणे कापणी करणारा. तोपर्यंतच्या यंत्रांत दातेरी चाके एकमेकांत गुंतून फिरत आणि त्यांचा खडखडाट बागेभर ऐकू जाई. ग्रीनने त्या चाकांच्या जागी साखळी घातली, हातगाडीसारख्या ढकलल्या जाणाऱ्या यंत्राची गती साखळीने पात्यांपर्यंत नेली, आणि खडखडाट मावळून पाती गवतावरून फिरतानाची सळसळ तेवढी उरली. आपल्या मालाचा कोणता गुण नावातच कोरून ठेवावा असा प्रश्न त्या माणसापुढे असेल तेव्हा त्याला वेग सुचला नाही, सामर्थ्य सुचले नाही, मौन सुचले. आणि ते नाव पुढे पुष्कळ वर्षे खपले. त्याच यंत्राच्या वंशजांपायी आज कॅलिफोर्नियापासून पुण्यापर्यंत लोकांना सकाळी खिडक्या लावून घ्याव्या लागतात. हे मौन कोणी, केव्हा आणि कशाच्या मोबदल्यात विकून टाकले, त्याची हकीकत मला येथे सांगावयाची आहे.

या विषयाशी माझा संबंध नुसत्या वाचनाचा नाही. आमच्या पुण्यातील वसाहतीत तीसेक जुनी झाडे आहेत, आणि माघ सरता सरता त्यांची पानगळ सुरू झाली की आमचे माळी, ज्यांना लहानथोर सारेच मामा म्हणतात, पहाटे खराटा घेऊन वाटा झाडीत. त्या खराट्याचा आवाज अर्धवट झोपेत ऐकत मी कित्येक वर्षे जागा झालो आहे. दोन वर्षांपूर्वी वसाहतीच्या समितीने पाठीवर बांधण्याचे, पेट्रोलवर चालणारे, नळकांड्यातून वारा सोडून पाने उडवणारे एक यंत्र आणले, आणि त्या दिवसापासून पहाटेचे स्वरूपच पालटले. पाने एका कडेची उठून दुसऱ्या कडेला जाऊ लागली, त्यांच्याबरोबर वाटेवरची धूळ पहिल्या मजल्यापर्यंत चढू लागली, आणि सकाळचा अभ्यास, पूजा, फोनवरचे बोलणे, आजाऱ्याची झोप या सर्वांवर त्या घरघरीचा अंमल बसला. एवढ्या क्षुल्लक कामासाठी एवढा गोंगाट मनुष्याने कसा पत्करला, हे समजून घेण्याच्या इच्छेने मी या यंत्रांच्या पूर्वेतिहासाकडे वळलो.

तो इतिहास ग्रीनच्याही तीस वर्षे मागे सुरू होतो. इंग्लंडातील जमीनदारांच्या वाड्यांपुढे मखमलीसारखी हिरवळ राखण्याची हौस अठराव्या शतकात बळावली, तेव्हा ती राखण्याचे मार्ग दोनच होते : मेंढरे सोडणे, नाहीतर लांब दांड्याचा वाकडा कोयता चालवणाऱ्या कुशल कापणाऱ्यांची टोळी लावणे. कोरडे गवत पात्यापुढे वाकते, दंवाने ओले आणि जड झालेले गवत सरळ कापले जाते. म्हणून ही मंडळी उजाडण्यापूर्वी कामाला लागत, मधूनमधून थांबून सहाणेच्या दगडावर पाते परजीत, आणि त्यांच्यामागून बायकामुले कापलेले गवत झाडून गोळा करीत. काम कसबाचे आणि म्हणून महाग होते, हिरवळ श्रीमंतांपुरतीच राहिली ती त्यामुळे.

ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड गावाजवळ थ्रप नावाची वस्ती आहे. त्या खोऱ्यात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या, आणि त्या गिरण्यांची यंत्रे दुरुस्त करणारा एडविन बिअर्ड बडिंग हा एक कारागीर तेथे राहत असे. लोकरीचे कापड विणून झाले की त्याच्या पृष्ठावर बारीक लव उभी राहते, आणि ती एकसारखी कापल्याखेरीज कापडाला झळाळी येत नाही. गिरणीत हे काम एक दंडगोल करी, ज्याच्या अंगावर सर्पिल पाती बसवलेली असत. तो फिरत जाई, आणि खालच्या स्थिर पात्यावर घासून कात्रीप्रमाणे लव कापली जाई. बडिंगच्या मनात आले की गवत म्हणजे तरी भूमीच्या अंगावरची लवच. त्याने तो दंडगोल चाकांवर चढवला, मागे जड रूळ जोडला, ढकलण्यासाठी दांडा लावला, आणि जॉन फेराबी या लोखंडी कारखानदाराच्या भागीदारीत ३१ ऑगस्ट १८३० रोजी त्या यंत्राची सनद मिळवली. शेजाऱ्यांनी वेड्यात काढू नये म्हणून तो रात्री अंधारात यंत्र चालवून पाही, अशी एक आख्यायिका त्या भागात सांगतात. ती खरी असो वा नसो, त्या यंत्राचा आवाज शेजाऱ्यांना जागे करण्याइतका नसावा असे ती कथा रचणारांनीही गृहीत धरले होते, हे मला लक्षात ठेवण्यासारखे वाटते.

सनदेच्या मसुद्यात बडिंगने एक वाक्य घातले होते, त्याचा आशय असा, की खेड्यापाड्यांतील सद्गृहस्थांनी हे यंत्र स्वतः चालवले तर त्यांना करमणूकही होईल आणि प्रकृतीला हितकर असा व्यायामही घडेल. या वाक्यात एका संपूर्ण युगाचे यंत्रविषयक धोरण साठवलेले आहे असे मला वाटते. यंत्र माणसाच्या बळाने चालते, त्याच्या बळाला धार देते, आणि जे कष्ट पडतात ते ज्याला हिरवळ हवी त्याच्याच अंगावर पडतात. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहोद्यानात पहिल्या यंत्रांपैकी एक गेले, आणि तेथील मुकादमाने साक्ष दिली की कोयते आणि झाडू घेतलेल्या सहा ते आठ माणसांचे काम हे यंत्र करते. या साक्षीची दुसरी बाजू मी दृष्टीआड करू इच्छीत नाही. सहा ते आठ माणसांचे काम गेले याचा अर्थ तितक्या घरांच्या चुलींवर परिणाम झाला. परंतु यंत्रमात्राचा द्वेष करणे हा माझा हेतू नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर प्रथम निघाला तेव्हा लोखंडाने जमिनीला विष होते असे शेतकरी म्हणत आणि नांगर पडून राहत. पुढे त्याच नांगराने महाराष्ट्राची शेते खोल उकरली आणि कोणाचीही झोप मोडली नाही. माझा प्रश्न वेगळा आहे : यंत्राचा लाभ ज्याला होतो आणि यंत्राची झळ ज्याला लागते ते दोघे एकच आहेत की निरनिराळे?

बडिंगनंतरची सत्तर वर्षे थोडक्यात सांगता येतील. इप्सविचच्या रॅन्सम्स कारखान्याने १८३२ मध्ये परवाना घेऊन यंत्रे बनवण्यास आरंभ केला. स्कॉटलंडात आर्ब्रोथच्या अलेक्झांडर शँक्सने १८४०च्या सुमारास तट्टू जुंपण्याजोगे रुंद यंत्र काढले, आणि खुरांचे ठसे हिरवळीवर उमटू नयेत म्हणून त्या तट्टांच्या पायांत चामड्याचे जोडे चढवण्याची चाल पडली. हिंदुस्थानात पुढे हेच यंत्र बैलांमागे आले. राजधानीच्या उद्यानांत बैल शांतपणे हिरवळीवर फेऱ्या घालीत असल्याची छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील. १८९३ मध्ये लँकेशायरच्या जेम्स सम्नरने वाफेवर चालणाऱ्या कापणीयंत्राची सनद घेतली, परंतु ते धूड इतके जड होते, आणि पाणी तापून वाफ धरेपर्यंत माळ्याला इतके ताटकळावे लागे, की त्याचा प्रसार बेताचाच राहिला. १९०२ मध्ये रॅन्सम्सनी पेट्रोलचे यंत्र विक्रीस काढले, आणि येथून आमच्या कथेला वळण लागते. तरी पहिली काही दशके ही यंत्रे क्रीडांगणे आणि मोठी उद्याने यांपुरतीच राहिली. आवाज होता, पण तो विस्तीर्ण मैदानाच्या मध्यभागी विरून जाई.

घरोघरच्या अंगणात तो शिरला त्याचे कारण एक लहानसे एंजिन, आणि त्या एंजिनाची रचना समजून घेतल्यावाचून पुढचे काही समजणार नाही. बाथ शहरच्या जोसेफ डे याने १८८९च्या सुमारास ते सिद्ध केले आणि १८९१ मध्ये त्याची सनद घेतली. साध्या चार टप्प्यांच्या एंजिनात दट्ट्या एकदा खाली येऊन इंधन ओढतो, वर जाऊन ते दाबतो, स्फोटाने पुन्हा खाली येतो आणि चौथ्या फेरीत धूर बाहेर लोटतो. हे सारे वेळच्या वेळी घडावे म्हणून झडपा आणि त्यांना हलवणारी सामग्री लागते. या एंजिनात झडपा काढूनच टाकल्या. सिलिंडरच्या भिंतीत भोके ठेवली, दट्ट्याच येता-जाता ती उघडतो नि मिटतो. दट्ट्याखालच्या पेटीत ताजे इंधन दाबले जाते आणि एका भोकातून ते वर उसळले की त्याच्याच धक्क्याने जळका धूर दुसऱ्या भोकातून बाहेर पडतो. दर फेरीला एक स्फोट, हलणारे भाग मोजून तीन, वजन कमी, किंमत कमी. युक्ती विलक्षण सुंदर होती, यात शंका नाही.

परंतु ज्या क्षणी ताजे इंधन आत येते त्याच क्षणी धुराची वाट उघडी असते. म्हणजे धुराला बाहेर ढकलता ढकलता न जळलेल्या पेट्रोलचा मोठा वाटा, कित्येकदा चौथाई ते तिसरा हिस्सा, त्याच वाटेने वाया जातो. शिवाय खालच्या पेटीतून इंधनाचा रस्ता असल्यामुळे तेथे तेल साठवून ठेवता येत नाही; तेल पेट्रोलातच मिसळावे लागते, ते पेट्रोलाबरोबर अर्धेमुर्धे जळते आणि निळसर धूर होऊन बाहेर पडते. एवढ्या हलक्या एंजिनावर आवाज दाबणारी मोठी पेटी बसवावी तर हलकेपणाचा फायदा नाहीसा होतो, म्हणून तीही नाममात्र असते. या एंजिनाचे स्वस्तपण अशा रीतीने तीन ठिकाणांहून वसूल केले गेले : वाया जाणाऱ्या इंधनातून, श्वासावाटे आत जाणाऱ्या धुरातून आणि कानावर पडणाऱ्या फटफटाटातून. पैकी पहिल्याचा भुर्दंड मालकाला बसतो; दुसरे दोन आसपासच्या सर्वांवर बसवलेल्या करासारखे आहेत, आणि त्या कराची पावती कोणालाही मिळत नाही.

महाराष्ट्राला हे एंजिन परके नाही. आपण दोन चाकांच्या यंत्रवाहनाला 'फटफटी' म्हणालो ते त्याच्या आवाजावरून. गतीवरून नव्हे, उपयोगावरून नव्हे. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजच्या कारखान्यात इटलीच्या पियाज्जो कंपनीच्या परवान्याने प्रथम व्हेस्पा आणि पुढे १९७२ पासून स्वतःच्या नावाने चेतक स्कूटर तयार होऊ लागली, आणि ज्या काळात नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे त्या काळात ती घरी येणे हा कुटुंबाचा उत्सव असे. पेट्रोल पंपावर मापाने तेल घालून घेणे, ते नीट मिसळावे म्हणून गाडी डाव्या-उजव्या अंगाला हलवणे, थंडीत सुरू होईना म्हणून तिला एका कुशीवर कलंडवणे, हे ज्यांनी केले आहे त्यांच्या नाकात त्या निळ्या धुराचा वास अजून असेल. तीन चाकी रिक्षांच्या रांगांमागे उभे राहून डोळे चोळलेली माणसेही पुष्कळ आहेत. दिल्लीतील हवेविषयी सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी दिलेले हुकूम, २००० साली दुचाकींसाठी लागू झालेले धुराचे कडक निकष, आणि मुंबईत उच्च न्यायालयापुढे धुराने त्रासलेल्या रहिवाशांनी नेलेली फिर्याद, यांच्या रेट्याखाली हे दोन टप्प्यांचे एंजिन आपल्या रस्त्यांवरून हळूहळू मागे हटले. रस्त्यावरून हुसकावलेले हे एंजिन बागेत मात्र निर्वेध राहिले, कारण त्याला नंबरपाटी नव्हती आणि म्हणून कोणत्याही दप्तरात त्याची नोंद नव्हती.

बागेत ते शिरले कसे हे पाहण्यासाठी अमेरिकेकडे वळले पाहिजे. १८७० मध्ये फ्रँक जे. स्कॉट याने उपनगरातील घरांच्या परिसररचनेवर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात कुंपणे घालून आपली हिरवळ शेजाऱ्याच्या दृष्टीपासून दडवणे हे असभ्य, किंबहुना अधार्मिक ठरवले. सर्वांची अंगणे एकमेकांत मिसळून एकच अखंड हिरवा पट्टा दिसावा, ही कल्पना तेव्हापासून तेथील मध्यमवर्गाच्या मनात रुजली. हेतू शेजारधर्माचा होता. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या बटाट्याच्या शेतांत लेव्हिटटाउन ही हजारो एकसारख्या घरांची वसाहत उभी राहिली, तेव्हा आठवड्यातून एकदा गवत कापण्याची अट खरेदीखतातच घातलेली होती. ज्या शेजारधर्मासाठी कुंपणे काढली, त्याच धर्माच्या नावाने आता शनिवारी सकाळी दर घरी एंजिन सुरू होऊ लागले, आणि कुंपण नसल्यामुळे आवाज अडवायलाही काही उरले नाही. पुढे उपग्रहांच्या साहाय्याने झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतील हिरवळींचे क्षेत्र सुमारे १,६०,००० चौरस किलोमीटर निघाले. महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक भरेल एवढ्या भूमीवर केवळ कापून टाकण्यासाठी गवत वाढवले जाते, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसन याने १९५२ मध्ये आपल्या घरामागच्या पडवीत एक यंत्र जुळवले. त्याची इंधनटाकी पीच फळांच्या रिकाम्या डब्याची होती आणि एंजिन दोन टप्प्यांचे. त्यात बडिंगचा कात्रीसारखा दंडगोल नव्हता; आडवे पाते अतिवेगाने फिरवून गवत छाटले जाई. कात्री लावण्याऐवजी फटका मारण्याची ही रीत होती, आणि फटका मारावयाचा तर शक्तीही पुष्कळ लागते नि आवाजही पुष्कळ होतो. 'व्हिक्टा' नावाने ते यंत्र इतके लोकप्रिय झाले की २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटनात त्याची सन्मानाने मिरवणूक निघाली. १९७१ मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टन येथे जॉर्ज बॅलस याला मोटारी धुण्याच्या यंत्रातील गरगर फिरणारे ब्रश पाहून कल्पना सुचली, आणि त्याने एका डब्याला मासेमारीची दोरी ओवून ती फिरवून गवत छाटून पाहिले. आज आपल्या कोकणातील आंब्या-काजूच्या बागांत खांद्याला अडकवलेले जे गवत कापण्याचे मशीन भर पावसाळ्यात दिवसभर कोकलत असते, त्यात फिरणारी दोरी ही त्याचीच देणगी. तेथे निदान डोंगरउताराची निकड आणि मजुरांची टंचाई ही खरी कारणे आहेत, आणि म्हणून त्याला मी दोष देताना जपून देतो.

पाने उडवण्याच्या यंत्राला मात्र असे कारण सापडत नाही. त्याचा जन्म फळबागांवर औषध फवारणाऱ्या, पाठीवर बांधायच्या जपानी यंत्रापासून झाला. औषधाची टाकी काढली आणि नुसता वारा ठेवला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या कार्मेल या लहानशा गावाने १९७५ मध्येच त्याला मनाई केली, आणि काही वर्षांत बेव्हर्ली हिल्सनेही केली. परंतु १९७६-७७ मध्ये त्या प्रांतात दुष्काळ पडला, पाण्याच्या नळीने फरसबंदी धुण्यावर निर्बंध आले, आणि पाण्याऐवजी वारा वापरण्याची शिफारस झाली. दुष्काळ सरला, यंत्र राहिले. जी फरसबंदी पूर्वी झाडूने झाडली जात असे ती मधल्या काळात पाण्याने धुतली जाऊ लागली होती, आणि पाणी बंद झाल्यावर झाडूकडे परत जाण्याऐवजी माणसे एंजिनाकडे गेली. एका उधळपट्टीच्या जागी दुसरी उधळपट्टी आली, आणि तिला काटकसरीचे नाव मिळाले. १९९० पर्यंत अमेरिकेत दरसाल आठ लाखांवर अशी यंत्रे विकली जात होती.

अनावश्यक आवाजाविरुद्ध फिर्याद करण्याची प्रथा त्या देशात जुनीच आहे. न्यूयॉर्कमध्ये जूलिया बार्नेट राइस या वैद्यकशास्त्र शिकलेल्या बाईंनी १९०६ मध्ये 'अनावश्यक आवाजाच्या नियंत्रणासाठी' एक संस्था स्थापन केली होती. हडसन नदीतील ओढबोटी रात्रभर एकमेकींना निष्कारण शिट्ट्या घालीत, त्या शिट्ट्या बाईंनी विद्यार्थी बसवून मोजवल्या, आणि नदीकाठच्या इस्पितळांतील रोग्यांची कैफियत पुढे मांडून वर्षभरात कायदा करून घेतला. 'अनावश्यक' हा शब्द त्यांनी विचारपूर्वक निवडला होता. धोक्याची शिट्टी त्यांना नको नव्हती. गप्पांची शिट्टी नको होती.

लॉस एंजेलिसच्या नगरसभेने १९९६ मध्ये घरांपासून ५०० फुटांच्या आत पेट्रोलच्या यंत्राने पाने उडवण्यास मनाई केली, आणि १९९८च्या आरंभी तिचा अंमल सुरू व्हायच्या वेळी नगरगृहापुढे माळी उपोषणाला बसले. बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून पोट भरायला आलेले, दिवसाला कित्येक घरे उरकली तरच ज्यांचा संसार चाले असे. या प्रसंगापाशी मी वाचताना पुष्कळ वेळ थांबलो. बंदीची मागणी करणाऱ्यांत नामवंत नटनट्या होत्या, मोठ्या बागांचे मालक होते. आणि यंत्र गेले तर वाढणारा वेळ भरून देण्याची तयारी त्यांच्यापैकी किती जणांनी दाखवली असती, हा प्रश्न माळ्यांनी विचारला तो अगदी रास्त होता. शांतता हवी असेल तर तिची मजुरी शांतता मागणाऱ्याने दिली पाहिजे, एवढे तरी त्या उपोषणाने कायमचे सांगून ठेवले आहे. पण त्याचबरोबर हेही खरे, की त्या एंजिनाचा धूर प्रथम त्या माळ्याच्याच छातीत जातो आणि आवाज प्रथम त्याच्याच कानात. आमचे मामा मला एकदा म्हणाले, "काका, मशीन बंद केलं तरी कानात ते चालूच राहतं. रात्री अंथरुणावर पडलो की जास्त ऐकू येतं." समितीच्या हिशेबवहीत पेट्रोलाची रक्कम मांडलेली असते; या आवाजासाठी त्या वहीत रकाना नाही.

पुढील वीस-पंचवीस वर्षांत मोटारी इतक्या सुधारल्या की तुलना लाजिरवाणी झाली. कॅलिफोर्नियाच्या हवा-मंडळाने गणित करून दाखवले, की पाने उडवण्याचे व्यावसायिक यंत्र तासभर चालवले तर धुके माजवणारे जे वायू हवेत जातात, तितके सोडायला २०१७च्या बनावटीच्या साध्या मोटारीला सुमारे १,१०० मैल, म्हणजे लॉस एंजेलिसहून डेन्व्हरपर्यंत जावे लागेल. राजधानी वॉशिंग्टनमध्ये जेम्स फॅलोज आदी नागरिकांनी नगरसभेकडे वर्षानुवर्षे तगादा लावल्यावर १ जानेवारी २०२२ पासून पेट्रोलच्या यंत्रांना बंदी झाली, आणि कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा करून अशा लहान एंजिनांच्या नव्या विक्रीला २०२४ पासून पायबंद घातला. आपल्याकडे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. हे यंत्र ५० फुटांवरूनही ती सहज ओलांडते. मात्र आपण या नियमांचा विचार मिरवणुका आणि ध्वनिक्षेपक यांच्यापुरताच करतो. रोज सकाळी सात वाजता येणाऱ्या या पाहुण्यावर कोणी तक्रार लिहून दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आणि हे सारे कशाच्या पाठीमागे लागून, तर पाचोळ्याच्या. माझे आजोळ रत्नागिरीकडचे. तेथे गळलेल्या पानांना पातेरा म्हणतात, आणि पातेरा ही मालमत्ता असते. माझी आजी वाढवणीने अंगण झाडून पातेऱ्याची रास करी, आणि आम्ही मुलांनी काडी लावण्याचा बेत केला तर म्हणे, "मेल्यांनो, आगराचा आहे तो, चुलीचा नाही." माडा-पोफळींच्या आळ्यांत तो पसरला की उन्हाळ्यात ओल टिकते, गोठ्यात गुरांखाली पसरला की शेणामुतात मुरून खत होतो, आणि भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा तर तोही त्यानेच. झाडाने वर्षभर जमिनीतून घेतलेले त्या वाटेने जमिनीत परत जाई. या रीतीला शास्त्राची बैठक दिली ती सर आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी. इंदूरच्या वनस्पतिसंशोधन संस्थेत त्यांनी पालापाचोळा, शेण, मुताने भिजलेली माती आणि राख यांचे थर खड्ड्यात रचून, ते तीन वेळा उलथून तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली आणि १९३१ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ग्रंथावर हॉवर्ड यांच्याबरोबर वाड यांचे नाव आहे, हे मराठी वाचकांना फारसे ठाऊक नसते, याची मला खंत वाटते. ती 'इंदूर पद्धत' पुढे जगभर गेली. ज्या वस्तूची किंमत इंदुरात मोजली गेली तीच वस्तू पेट्रोल जाळून झाडाखालून हाकलायची, पिशव्यांत भरून पालिकेच्या गाडीवर चढवायची, आणि मग उघड्या पडलेल्या आळ्यांसाठी खताची पोती विकत आणायची, या व्यवहाराला शहाणपणाचे नाव देणे मला जमत नाही.

गेल्या मार्गशीर्षात वसाहतीच्या सभेत मी हा विषय मांडला. हरकती आल्या : वेळ फार लागतो, मामांचे वय झाले आहे, पाने वाऱ्याने पुन्हा पसरतात. तिन्ही खऱ्या होत्या. शेवटी ठरले ते असे, की मामांच्या हाताखाली एक माणूस द्यावा आणि त्याचा पगार देखभालीच्या वर्गणीत धरावा. फरसबंद वाटा तेवढ्या रोज झाडाव्यात आणि झाडांखालची पाने जेथल्या तेथे राहू द्यावीत. आणि मागच्या भिंतीलगत आंब्याखाली दोन खड्डे घ्यावेत. वर्गणी वाढली म्हणून दोन घरे अजून नाराज आहेत. यंत्र खोलीत पडून आहे, त्याला गिऱ्हाईक मिळालेले नाही. खराटे मात्र नवे आणावे लागले, कारण जुन्यांचे हीर दोन वर्षांत सुटून गेले होते. पहिला खड्डा फाल्गुनाच्या अखेरीस भरला. त्यात दोन घमेली शेण कालवून मामांनी वरून गोणपाट टाकले आहे, आणि पंधरा दिवसांनी तो उलथायला मी हजर राहावे, मृगाच्या आत तिसऱ्यांदा उलथून झाला पाहिजे, असे मला बजावून ठेवले आहे.